नऊ सेकंदांचं रडू

मला नऊ सेकंदांत रडता येतं. सरांनी घड्याळ लावून मोजलं होतं. वर्गात कोणी पाहुणा आला की सर मला पुढे बोलवायचे, "हिला बघा," म्हणायचे, आणि मी हॉलच्या मधोमध उभी राहून डोळे वाहते करून दाखवायचे. आधी डावा, मग उजवा. पाहुणे टाळ्या वाजवायचे. सर्कशीतली हत्तीण स्टुलावर बसली की वाजवतात, तशा. मला वाटायचं, हाच अभिनय. वर्गात माझं नाव नळ पडलं होतं आणि मला त्या नावाचाही अभिमान होता, यावरून माझी तेव्हाची अक्कल किती होती ते ओळखा.

सरांचा वर्ग टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरायचा. खालून रबराचा वास आणि हवा भरायच्या यंत्राची धडधड, वर आम्ही चौदा जण जमिनीवर मांडी घालून, आणि समोर एकुलत्या एका खुर्चीत सर. सर एके काळी मोठे नट होते, असं सर सांगायचे. त्यांचं काम पाहिलेला माणूस मात्र आम्हाला कधी भेटला नाही. बोलताना ते डोळे मिटायचे. काही खोल सुचलं की मिटायचे, आणि काहीच सुचलं नाही की आणखी जास्त वेळ मिटायचे. आम्ही त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत बसायचो. चौदांतल्या एकालाही शंका आली नाही. येणार कशी, प्रत्येकाला घरच्यांनी सांगून ठेवलं होतं की तू काही तरी वेगळा आहेस.

ती आली दुसऱ्या वर्षी. उंच, लांबट चेहरा, हात कुठे ठेवावेत हे न कळणारी. तिचे वडील दातांच्या कवळ्या बनवायचे, घरातच. मी एकदा तिच्याकडे गेले होते तर जेवायच्या टेबलावर सात जबडे वाळत होते आणि तिने ते सरकवून मला पाण्याचा ग्लास ठेवायला जागा करून दिली. असं घर. तिला नटी व्हायचंय हे ऐकून आम्ही एकमेकींकडे बघितलं होतं.

पहिल्याच दिवशी सरांनी नेहमीचा प्रसंग दिला. तुम्ही स्वयंपाकघरात आहात, फोन येतो, आई गेल्याचं कळतं. आम्ही सगळे हा प्रसंग कोळून प्यायलो होतो. कोणी जमिनीवर हात आपटायचं, कोणी भिंतीला टेकून घसरत खाली बसायचं. मी माझे नऊ सेकंद वापरायचे. तिची पाळी आली. तिने कानाला हात लावून फोन ऐकला. "बरं," म्हणाली. फोन ठेवला. मग वाकून गॅस बंद केल्यासारखं केलं, भांड्यावर झाकण ठेवलं, आणि झाकणावर हात तसाच ठेवून उभी राहिली.

बराच वेळ झाला तसं सरांनी डोळे उघडले. "हे काय होतं?"

"दूध उतू गेलं असतं, सर."

हॉल हसून फुटला. सगळ्यात मोठ्याने मी हसले. सर म्हणाले, "आई मेली आणि तू दूध सांभाळतेस? अगं, खांबसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त हलतो." झालं, त्या दिवसापासून ती खांब. तिने ते नाव निमूट घेतलं. राग आला असेल तर तिने तोही झाकण ठेवून बंद केला.

त्याच सुमाराला सर नवं नाटक लिहीत होते. एका शिक्षिकेला असाध्य आजार होतो आणि ती अख्खा हिवाळा तो नवऱ्यापासून, मुलांपासून लपवते. आजाराचं नाव सरांनी लिहिलं नव्हतं, कारण ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. शिक्षिकेची भूमिका माझी, हे न सांगता ठरलेलं होतं. चार अंकांत सहा वेळा रडायचं होतं. एवढं पाणी दुसऱ्या कोणाकडे होतं?

तालमींना अजून अवकाश होता, तेवढ्यात सरांकडे मेडिकल कॉलेजचं पत्र आलं. विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी खोटे पेशंट हवे होते. कागदावर लिहिलेला आजार पाठ करायचा, पलंगावर बसायचं, आणि विद्यार्थी विचारतील त्याची उत्तरं द्यायची. सरांनी आम्हा दोघींना पाठवलं. मला, कारण आपली कला लोकांना दिसावी. आणि खांबाला, कारण ती नसली तरी वर्गाचं काही अडत नव्हतं.

तिथल्या प्रमुख होत्या डॉक्टरबाई. बुटक्या, केस पुरुषासारखे कापलेले, आवाज कोरडा. त्यांनी मला पोटदुखीचा कागद दिला. पडद्यामागून एक घाबरट विद्यार्थी आला आणि मी कामाला लागले. कळवळले, पलंगावर या कुशीवरून त्या कुशीवर झाले, चादर मुठीत धरली, डोळे भरले. विद्यार्थ्याच्या हातातलं पेन खाली पडलं. मला मनातून गुदगुल्या झाल्या.

डॉक्टरबाईंनी त्याला बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, "कुठे दुखतंय तुला?"

"पोटात, उजवीकडे, खाली."

"मग हलतेस कशाला? हललं की जास्त दुखतं. ज्याचं पोट खरंच दुखतं तो लाकडासारखा पडून राहतो. खोकलासुद्धा दाबून धरतो." त्यांनी चष्मा पुसला. "हे कुठे शिकवतात?"

मी सरांचं नाव अभिमानाने सांगितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. एवढंच. पण ते अच्छा असं होतं की त्यात सर, मी, हॉल आणि खालचं टायरचं दुकान सगळं गुंडाळून कचऱ्यात गेलं.

मग त्यांनी आम्हा दोघींना शिक्षा दिली. मला ती शिक्षाच वाटली. चार दिवस सकाळी नऊ ते एक, पेशंट जिथे नंबर लागायची वाट बघतात त्या हॉलमध्ये नुसतं बसायचं आणि बघायचं. मी पहिल्या दिवशी बसले आणि दुसऱ्या दिवशी मासिक घेऊन गेले. नाकाने कांदे सोलायची सवय असलेल्या मुलीने त्या फिनेलच्या वासात काय बघायचं? खांब मात्र बघत होती. मान न वळवता, फक्त डोळ्यांनी.

परतताना बसमध्ये ती सांगायची. कमी बोलणारी मुलगी, पण तेव्हा बोलायची. "ज्याला फार दुखतं ना, तो खुर्चीत मागे टेकत नाही. कडेवर बसतो." किंवा, "दम लागणारा माणूस वाक्य छोटं करतो. तो हो-नाहीवर येतो, आणि लोकांना वाटतं हा तुसडा आहे."

तिसऱ्या दिवशी हिरव्या स्वेटरवाली एक बाई होती. जो येईल त्याला म्हणायची, तुम्ही जा आधी, मला घाई नाही. मी खांबाला म्हटलं, "बघ, काय भला स्वभाव आहे."

"तिला आत जायचंच नाहीये," खांब म्हणाली. "आत गेलं की कळेल."

मी मासिकाचं पान उलटलं. पण वाचलं काही नाही, हे खरं.

वर्गात गेल्यावर मी सगळं सरांच्या कानावर घातलं. डॉक्टरबाईंनी हलू नकोस म्हटलं, हे कुठे शिकवतात म्हटलं, आणि ते अच्छासुद्धा. जसंच्या तसं म्हणून दाखवलं. सरांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग म्हणाले, "मी स्वतः जातो. त्या बाईला वेदना म्हणजे काय ते एकदा दाखवतो." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

सर गेले. खांद्यावर शाल टाकून, आम्हाला दोघींना दोन बाजूंना घेऊन. डॉक्टरबाईंनी त्यांचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उत्तमच. सरावाचा तास आहेच आता. तुम्ही बसा पलंगावर. हा कागद." कागदावर हृदयविकार होता. सहा विद्यार्थी भिंतीला लागून उभे राहिले आणि तपासायला एक किडकिडीत मुलगी पुढे आली. तिच्या पांढऱ्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

सरांनी छातीवर हात मारला. "आह," म्हणाले. शाल गळून पडेल अशी व्यवस्था केली. डोळे फिरवले, हवेत काही तरी धरायचा प्रयत्न केला, पत्नीला हाक मारली, जी कागदावर नव्हती. मग उशीवर कोसळले आणि तिथून अर्धा डोळा उघडून आमच्याकडे बघितलं. किडकिडीत मुलगी हे सगळं संपेपर्यंत शांत उभी होती. संपल्यावर तिने नाडी बघितली. "सकाळी काय खाल्लं होतं?" तिने विचारलं. सर खवळले. "मला मृत्यू दिसतोय आणि तू खाणं विचारतेस?" तिने मान हलवली आणि वहीत लिहिलं. डॉक्टरबाईंनी ती वही घेऊन मोठ्याने वाचली. "गंभीर काही वाटत नाही. घरी पाठवावे. सोबत कोणी नातेवाईक असल्यास त्यांच्याशी वेगळे बोलावे."

भिंतीजवळचे पाच जण छताकडे बघायला लागले. मीही छताकडे बघितलं. तिथे एक पंखा होता.

"आता तू," डॉक्टरबाई खांबाला म्हणाल्या. "कागद तोच."

खांब पलंगावर बसली. कडेवर. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. किडकिडीत मुलीने विचारलं, काय होतंय. "विशेष नाही," खांब म्हणाली. "जळजळ होतेय थोडी. जेवण जड झालं असेल." आणि हसली. ते हसू माफी मागितल्यासारखं होतं. मुलीने विचारलं कधीपासून. "सकाळ." तिने एकदा जबड्याखाली हात नेला, जणू काही चिकटलंय, आणि परत पर्सवर ठेवला. "किती वेळ लागेल? मुलीला शाळेतून—" थांबली. थोडी हवा घेतली. "आणायचंय."

पुढचा प्रश्न आलाच नाही. किडकिडीत मुलीने वही टाकली, दार उघडून बाहेर धावली, आणि कॉरिडॉरमधून तिचा आवाज आला, चाकाची खुर्ची आणा, लवकर. खुर्ची घेऊन दोन माणसं खरंच पळत आली. त्यांना थांबवायला डॉक्टरबाईंना उठून बाहेर जावं लागलं. मुलगी रडवेली होऊन परत आली. "पण मॅडम, घाम आला होता तिला."

घाम आला नव्हता. मी बघत होते. त्या मुलीलाच फक्त तो दिसला होता.

सर शाल उचलत म्हणाले, "हिने काय केलं? नुसती बसली."

त्या खोलीत त्या क्षणी खांब कोण आहे हे दोनच माणसांना पुरतं समजलं होतं. एक डॉक्टरबाई, आणि दुसरी मी. पण सरांना काहीच समजलं नाही असं मी आजही म्हणणार नाही. समजलं असेल, म्हणूनच पुढे ते तसे वागले.

पुढच्याच आठवड्यात नाटकातल्या भूमिकांची निवड झाली. नुसती दाखवायला चाचणी ठेवली होती. प्रसंग असा, की डॉक्टर शिक्षिकेला आजार सांगतो आणि ती विचारते, "माझ्याकडे किती दिवस आहेत?" मी त्या दिवशी सात सेकंदांत रडले. खांबाने डॉक्टरचं बोलणं ऐकलं, सगळ्या तपासण्यांचे निकाल ऐकले, आणि तो प्रश्न असा विचारला जसा आपण शिंप्याला विचारतो, की शिवायला टाकलेला कपडा कधी मिळेल. माझ्या अंगावर काटा आला. मी तो हाताने चोळून घालवला.

"भावना कुठाय?" सर म्हणाले.

"आहे सर."

"मला दिसली नाही."

"तिला ती दिसू द्यायची नाहीये. नाटकच तसं आहे ना? ती लपवते."

सर हसले. "लपवते ते नवऱ्यापासून. प्रेक्षकांपासून नाही. ऐक, तुला खरं सांगतो, राग मानू नकोस. काही चेहरे दिव्याखाली येण्यासाठी असतात आणि काही दिवा धरण्यासाठी. तू नर्स कर. ट्रे घेऊन येते, ट्रे घेऊन जाते. ट्रे तुला शोभेल."

मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर काही बदललं असतं असं नाही. पण मी उघडलं नाही. उलट, सरांनी माझं नाव घेतल्यावर खाली मान घालून लाजून हसले. त्या हसण्याची मला आज जेवढी किळस येते तेवढी सरांच्या शालीचीही येत नाही.

खांबाने तीन आठवडे ट्रे आणला आणि नेला. मग एका दुपारी तालमीच्या मध्येच तो टेबलावर ठेवून म्हणाली, "सर, मी उद्यापासून येत नाही."

"जा," सर म्हणाले. "नटीचा अंशही नाही तुझ्यात."

"असेल," ती म्हणाली, आणि चपला घालून जिना उतरली. पुढे दोन वर्षं ती कॉलेजमध्ये खोटी पेशंट होती. आमच्या वर्गात तिची आठवण निघाली की कोणी तरी म्हणायचं, बिचारी, आजारी पडते आहे अजून. आणि सगळे हसायचे. मीसुद्धा.

आमचं नाटक चाललं. चांगलंच चाललं. लोक रुमाल घेऊन यायचे. रडायचं ठरवून आलेल्या माणसाला रडवणं म्हणजे उतारावर गाडी ढकलणं, पण सर त्याला क्रांती म्हणायचे. एकदा डॉक्टरबाई आल्या. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत. मध्यंतरानंतर मी पडद्याच्या फटीतून बघितलं तर खुर्ची रिकामी. मला झोंबलं. दोन दिवसांनी मी काही तरी निमित्त काढून कॉलेजमध्ये गेले.

"तुम्ही मध्येच गेलात," मी म्हटलं.

"ऑपरेशन होतं."

"खरंच?"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि समोरच्या फायलीत बघायला लागल्या. मी दारातच उभी होते. मग त्यांनाच दया आली असावी. "तू फार मेहनती आहेस," त्या म्हणाल्या. "पण तुझी ती बाई मरणाऐवजी टाळ्यांची वाट बघते."

नाटक दोन वर्षांनी थांबलं. सर नवीन नळ शोधायला लागले. त्यांना एक सापडलीही, ती आठ सेकंदांत रडायची. मला कोणी भूमिका देईना. रडायचं असेल तर हिला बोलवा, असं म्हणायचे, पण रडून झाल्यावर काय करायचं ते मला येत नव्हतं. शेवटी मला ध्वनिमुद्रणाचं काम मिळालं. मालिकांतल्या देखण्या नायिकांना रडता येत नाही, रडल्या तर मांजर अडकल्यासारखा आवाज येतो. तो आवाज काढून टाकतात आणि तिथे माझा घालतात. गादी लावलेल्या खोलीत माईकसमोर उभं राहायचं, काचेपलीकडे चित्र चालतं, आणि त्या बाईच्या तोंडात मी हुंदके भरायचे. सासू मेली, नवरा पळाला, मूल हरवलं, सगळ्यांसाठी मीच. आई लोकांना सांगते, आमची मुलगी पडद्यावर असते. खोटं नाही. असतेच, फक्त दिसत नाही.

अशात कळलं की सरांच्या नाटकावर सिनेमा निघतोय. दिग्दर्शिका नाटक बघून गेलेली होती. मला भेटून "खूप कष्ट घेता तुम्ही," एवढं म्हणाली होती. शिक्षिकेसाठी सरांनी माझं नाव सुचवलं, मग आठ सेकंदवालीचं. तिने दोन्ही ऐकून घेतली आणि खांबाला घेतलं. ते असं घडलं, की डॉक्टरबाईंनी विद्यार्थ्यांसाठी खांबाने केलेल्या सात पेशंटांचं चित्रण करून ठेवलं होतं. दिग्दर्शिकेचा धाकटा भाऊ तिथे शिकत होता. तिने ते त्याच्याकडे बघितलं आणि कॉलेजात फोन करून विचारलं, ती जळजळ होणारी बाई आता बरी आहे ना.

मग एके दिवशी दुपारी मला नेहमीच्या खोलीत बोलावणं आलं. गेले तर सोफ्यावर निर्माता बसलेला आणि त्याच्या शेजारी सर. लेखक म्हणून. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक, ज्याच्याबरोबर मी शेकडो हुंदके दिले होते.

"सीन बघून घे," निर्माता म्हणाला. "बाई गप्प बसलीय नुसती. लोकांना कळणार नाही ती दुःखी आहे ते. हिच्यावर तुझं रडणं टाकायचं. हळू, आतल्या आत, पण ऐकू येईल असं."

"दिग्दर्शिकाबाईंना विचारलंय?" मी म्हटलं.

"तिला नंतर ऐकवू. ऐकल्यावर पटेल."

सर म्हणाले, "नऊ सेकंदांत देईल ती. माझीच विद्यार्थिनी आहे. दोघी माझ्याच."

पडद्यावर चित्र सुरू झालं. डॉक्टरची खोली. खांब खुर्चीत, अर्थात कडेवर. डॉक्टरने सांगून झालंय. तिच्या हातात रिपोर्ट आहे आणि ती तो पाकिटात घालते आहे. तो मोठा आहे, जात नाही. ती बाहेर काढते, घडी घालते, परत घालते. पाकीट कोपऱ्यात फाटतं. ती ते फाटलेलं बोटाने नीट दाबते, जणू दाबल्यावर जुळेल. मग वर बघते आणि विचारते, "शाळेला कधी कळवायला हवं?"

बस. तेवढंच. मी चित्र दुसऱ्यांदा मागवलं, तालमीचं निमित्त करून. तिसऱ्यांदा मागवलं तेव्हा ध्वनिमुद्रकाने काचेतून माझ्याकडे जरा बघितलं.

मग मी रडले. पहिला हुंदका मी तिचे ओठ मिटलेले असताना टाकला. "मागे सरकव," ध्वनिमुद्रक म्हणाला. मी सरकवला तो इतका की तो डॉक्टरच्या तोंडात गेला. पुन्हा. या वेळी श्वास चुकवला. पुन्हा. या वेळी आवाज नाकात नेला, सर्दी झाल्यासारखा. तीनशे भाग मी एकदाही चुकले नव्हते, हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. चौथ्या वेळेला तो चूक सांगायचाच थांबला. नुसतं "आणखी एकदा" म्हणत राहिला. अकरा वेळा झालं.

बाराव्या वेळेला तो हेडफोन काढून निर्मात्याला म्हणाला, "साहेब, बसत नाही हे. पडद्यावरच्या बाईची छाती हलत नाहीये. त्यावर हुंदका टाकला की बाहेरून कोणी तरी रडतंय असं वाटतं."

"मग व्हायोलिन?"

"ते दिग्दर्शिकाबाईंना विचारावं लागेल. संगीत त्यांच्या ताब्यात आहे."

निर्मात्याने जांभई दिली. तीन वाजले होते आणि त्याला भूक लागली होती. एवढ्यावर तो सीन वाचला. कोणाच्या रसिकतेवर नाही, त्याच्या भुकेवर.

सर जिन्यात मला म्हणाले, "तुझा नळ आटला वाटतं."

"हो सर," मी म्हटलं. "दुरुस्तीला टाकलाय."

हे मी खांबासाठी केलं असं कोणी समजू नये. मैत्रीण म्हणायला मला लाज वाटेल इतकं मी तिला हसले होते. मला त्या सोफ्याचा वीट आला होता, त्यावरच्या दोघांचा आला होता, आणि माईकसमोर उभ्या असलेल्या तिसरीचाही. तिला मी हे कधी सांगितलं नाही. सिनेमा लागायच्या आधी तिचा फोन आला होता. तिकडचं इकडचं बोललो. ठेवताना म्हणाली, "तो डॉक्टरच्या खोलीतला सीन नीट झालाय का माहीत नाही. मला स्वतःला बघवत नाही."

"बरा झालाय," मी म्हटलं.

सिनेमा तीन आठवडे चालला. सर एका कार्यक्रमात डोळे मिटून म्हणाले की त्या मुलीला मीच घडवलं, तिच्यातली शांतता मीच ओळखली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खांबाला त्यानंतर कामं मिळाली, पण लहान. चेहरा खपत नाही, म्हणतात. ती अजूनही आठवड्यातून एकदा कॉलेजमध्ये जाऊन आजारी पडते.

मी आईला घेऊन दुपारच्या खेळाला गेले होते. अर्धं थिएटर रिकामं. मागच्या रांगेत एक जोडपं सतत काही तरी चघळत होतं. डॉक्टरच्या खोलीचा प्रसंग आला तसं तो पुरुष बायकोला म्हणाला, "आता रडेल बघ." ती रडली नाही. पाकीट फाटलं. चघळायचा आवाज बंद झाला आणि पुढची बरीच मिनिटं परत आला नाही.

बाहेर उन्हात आल्यावर आईने डोक्यावर पदर घेतला. मग बसस्टॉपवर म्हणाली, "चांगली आहे गं पोरगी. पण तिला रडता येत नाही का?"

"येतं," मी म्हटलं.

"मग रडली का नाही?"

आईने माझं रडणं लहानपणापासून ऐकलंय आणि तिला ते आवडतं. बस आली. आईला खिडकीजवळ बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे एका मालिकेतली सून होती, तिचा नवरा अपघातातून वाचणार की नाही हे पाच भाग कळणार नव्हतं, आणि पाचही भाग ती रडणार होती. मी वेळेवर पोचले.